इग्नाझ सेमेलवाइस

इग्नाझ फिलिप सेमेलवाइस (जन्म : बुडा, हंगेरी, १ जुलै १८१८, मृत्यू : व्हिएन्ना, ऑस्ट्रिया, १३ ऑगस्ट १८६५) हे हंगेरियन वैद्य व प्रसूतिशास्त्रज्ञ होते. प्रसूतिज्वर हा बाळंतिणींचा जीवघेणा रोग वैद्यांच्या व विद्यार्थ्यांच्या अस्वच्छ हातांवाटे पसरतो आणि क्लोरिनयुक्त द्रावणाने हात धुतल्यास तो टाळता येतो, हे त्यांनी १८४७ मध्ये व्हिएन्ना येथील रुग्णालयात दाखवून दिले. रोगजंतूंचा सिद्धान्त मांडला जाण्यापूर्वीच त्यांनी केवळ आकडेवारी, तुलना आणि निरीक्षण यांच्या आधारे हा निष्कर्ष काढला. हयातीत त्यांच्या मताला मान्यता मिळाली नाही. मृत्यूनंतर मात्र रुग्णालयीन संसर्ग-प्रतिबंधाच्या आद्य प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होऊ लागली. मातांचा तारणहार या नावानेही ते ओळखले जातात.

बालपण आणि शिक्षण

सेमेलवाइस यांचा जन्म बुडा शहराच्या टाबान भागात झाला. बुडा व पेस्ट ही तेव्हा डॅन्यूब नदीच्या दोन तीरांवरची स्वतंत्र शहरे होती. पुढे त्यांचे बुडापेस्ट झाले. वडील योझेफ हे किराणा मालाचे सुखवस्तू व्यापारी होते. आई तेरेझिया म्युलर. दहा भावंडांत इग्नाझ हे पाचवे अपत्य होते. घरात जर्मन भाषेची बोली बोलली जाई.

१८३७ मध्ये कायद्याच्या अभ्यासासाठी ते व्हिएन्ना विद्यापीठात दाखल झाले. परंतु वर्षभरातच त्यांनी कायदा सोडून वैद्यकाकडे वळण्याचा निर्णय घेतला. काही काळ पेस्ट येथे शिकून ते पुन्हा व्हिएन्नाला आले आणि १८४४ मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी मिळवली. त्यानंतर त्यांनी प्रसूतिशास्त्रात विशेष शिक्षण घेतले. व्हिएन्नात त्या काळी वैद्यकाची एक नवी परंपरा आकार घेत होती. विकृतिशास्त्रज्ञ कार्ल फॉन रोकिटान्स्की, रोगनिदानतज्ज्ञ योझेफ श्कोडा आणि त्वचारोगतज्ज्ञ फर्डिनांड फॉन हेब्रा हे तिचे प्रमुख प्रतिनिधी होते. रोग्याच्या हयातीतील लक्षणे आणि शवविच्छेदनात दिसणारे अवयवांतील बदल यांची सांगड घालण्यावर या परंपरेचा भर होता. सेमेलवाइस यांच्यावर या तिघांचाही मोठा प्रभाव पडला. निदान प्रेताच्या साक्षीने पडताळण्याची हीच पद्धत प्रसूतिगृहातील मृत्यूंचे कारण ठरली होती, हे पुढे त्यांच्याच लक्षात आले.

व्हिएन्नाचे प्रसूतिगृह

१ जुलै १८४६ रोजी, आपल्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, सेमेलवाइस व्हिएन्ना सार्वजनिक रुग्णालयाच्या पहिल्या प्रसूति-विभागात प्राध्यापक योहान क्लाइन यांचे साहाय्यक म्हणून रुजू झाले. रोज सकाळी प्राध्यापकांच्या फेरीपूर्वी रुग्ण तपासणे, अवघड प्रसूती करणे, विद्यार्थ्यांना शिकवणे आणि नोंदी ठेवणे ही त्यांची कामे होती. मृत स्त्रियांच्या शवविच्छेदनातही ते नित्य भाग घेत.

या प्रसूतिगृहात मुख्यतः गरीब व अविवाहित स्त्रिया येत. त्यांची प्रसूती विनामूल्य होई आणि बाळाला अनाथगृहात प्रवेश मिळे. त्या बदल्यात त्यांना अध्यापनासाठी उपलब्ध राहावे लागे. प्रसूतिगृहाचे दोन विभाग होते. १८४० च्या सुमारास झालेल्या व्यवस्थेनुसार पहिला विभाग वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी आणि दुसरा सुईणींच्या शिक्षणासाठी राखला गेला. रुग्णांना आळीपाळीने, ठरलेल्या वारानुसार एका किंवा दुसऱ्या विभागात घेतले जाई. इमारत एकच, हवा एकच, येणाऱ्या स्त्रियाही एकाच सामाजिक थरातील. तरीही दोन्ही विभागांतील मृत्यूंचे प्रमाण सारखे नव्हते. सेमेलवाइस यांनी पुढे प्रसिद्ध केलेले आकडे असे :

१८४१ – पहिला विभाग ७.८ टक्के, दुसरा विभाग ३.५ टक्के
१८४२ – पहिला विभाग १५.८ टक्के, दुसरा विभाग ७.६ टक्के
१८४३ – पहिला विभाग ९.० टक्के, दुसरा विभाग ६.० टक्के
१८४४ – पहिला विभाग ८.२ टक्के, दुसरा विभाग २.३ टक्के
१८४५ – पहिला विभाग ६.९ टक्के, दुसरा विभाग २.० टक्के
१८४६ – पहिला विभाग ११.४ टक्के, दुसरा विभाग २.८ टक्के

या सहा वर्षांत पहिल्या विभागात २०,०४२ प्रसूतींमागे १,९८९, तर दुसऱ्या विभागात १७,७९१ प्रसूतींमागे ६९१ माता दगावल्या. पहिल्या विभागातील गंभीर आजारी स्त्रियांना अनेकदा रुग्णालयाच्या इतर कक्षांत हलवले जाई व त्यांचे मृत्यू तिकडे नोंदले जात, त्यामुळे खरा फरक याहूनही मोठा होता. शहरातील स्त्रियांना तो ठाऊक होता. पहिल्या विभागात भरती होण्याचा वार आला की त्या दुसऱ्या विभागात जाऊ देण्यासाठी गयावया करीत. काही जणी वाटेतच बाळंत झाल्याचे सांगून नंतर येत. अशा रस्त्यात प्रसूत झालेल्या स्त्रिया मात्र क्वचितच आजारी पडत.

कारणांचा शोध

प्रसूतिज्वराची साथ हवेतील, भूमीतील किंवा विश्वातील अज्ञात प्रभावांमुळे येते, असे मत तेव्हा प्रचलित होते. एकाच आवारातील दोन विभागांवर असा प्रभाव वेगवेगळा कसा पडेल, हा प्रश्न सेमेलवाइस यांनी उपस्थित केला. त्यानंतर त्यांनी एकेका संभाव्य कारणाची तपासणी केली. गर्दी हे कारण मानले, तर दुसऱ्या विभागात गर्दी अधिक होती. दुसऱ्या विभागात स्त्रिया कुशीवर तर पहिल्यात पाठीवर निजून प्रसूत होत. पहिल्या विभागातही कुशीवर प्रसूती करून पाहिली, मृत्यू कमी झाले नाहीत. मरणासन्न स्त्रीला अंतिम संस्कार देण्यासाठी जाणारा धर्मगुरू घंटा वाजवीत पहिल्या विभागाच्या कक्षांतून जाई, त्याच्या भीतीने स्त्रिया आजारी पडतात, असेही मत होते. धर्मगुरूला घंटेविना आणि आडमार्गाने येण्याची विनंती करण्यात आली. तरीही फरक पडला नाही.

१८४६ च्या अखेरीस नेमलेल्या चौकशी समितीने विद्यार्थ्यांच्या, विशेषतः परदेशी विद्यार्थ्यांच्या, धसमुसळ्या तपासणीला दोष दिला. विद्यार्थ्यांची संख्या ४२ वरून २० वर आणली गेली व तपासण्या कमी करण्यात आल्या. काही महिने मृत्यू घटले. पण १८४७ च्या एप्रिलमध्ये ते पुन्हा १८ टक्क्यांवर पोहोचले.

कोलेट्श्का यांचा मृत्यू

ऑक्टोबर १८४६ मध्ये पूर्वीचे साहाय्यक परत आल्याने सेमेलवाइस यांना पद सोडावे लागले होते. मार्च १८४७ मध्ये त्यांची पुन्हा नेमणूक झाली. त्यापूर्वी ते व्हेनिसला गेले होते. परतल्यावर त्यांना आपले स्नेही, न्यायवैद्यकाचे प्राध्यापक याकोब कोलेट्श्का यांच्या निधनाची वार्ता कळली. शवविच्छेदन करीत असताना एका विद्यार्थ्याच्या सुरीने कोलेट्श्का यांच्या बोटाला इजा झाली आणि त्यातून उद्भवलेल्या विकाराने ते दगावले. त्यांच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचताना सेमेलवाइस यांना आढळले की, शिरांचा दाह, उदरावरणाचा दाह, फुप्फुसावरणाचा दाह आणि मेंदूच्या आवरणाचा दाह हे सारे बदल प्रसूतिज्वराने मेलेल्या शेकडो स्त्रियांत आणि त्यांच्या नवजात बालकांत त्यांनी पाहिलेल्या बदलांसारखेच होते.

यावरून त्यांनी पुढील अनुमान काढले : कोलेट्श्का यांच्या शरीरात प्रेताचे कण सुरीवाटे शिरले; प्रसूतांच्या शरीरात तेच कण तपासणाऱ्याच्या हातांवाटे शिरतात. वैद्य आणि विद्यार्थी शवविच्छेदनगृहातून थेट प्रसूतिकक्षात येत. साबणाने हात धुतल्यावरही हातांना प्रेताचा वास राहत असे. सुईणींच्या शिक्षणात शवविच्छेदन नव्हते, म्हणून दुसरा विभाग तुलनेने सुरक्षित होता. जुन्या नोंदींनीही याला दुजोरा दिला. क्लाइन यांच्यापूर्वीचे प्राध्यापक योहान लुकास बोएर विद्यार्थ्यांना प्रसूतीचे शिक्षण प्रतिकृतीवर देत. त्यांच्या काळापर्यंत मृत्यूंचे प्रमाण सुमारे सव्वा टक्का होते. १८२३ पासून, क्लाइन यांच्या काळात, अध्यापनात शवांचा वापर वाढला आणि प्रमाण पाच टक्क्यांच्या वर गेले.

या अनुमानाचा एक अर्थ सेमेलवाइस यांच्या स्वतःच्या वाट्याला आला. रोगाचे मूळ शोधण्याच्या ध्यासाने त्यांनी इतर बहुतेक प्रसूतिवैद्यांपेक्षा अधिक शवविच्छेदने केली होती; म्हणजे अनेक स्त्रियांचा मृत्यू त्यांच्या हातून ओढवला होता. ही जाणीव त्यांनी पुढे आपल्या ग्रंथात उघडपणे नोंदवली.

क्लोरिनने हात धुण्याची पद्धत

मे १८४७ च्या मध्यापासून सेमेलवाइस यांनी पहिल्या विभागात प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाला क्लोरिनच्या द्रावणाने हात धुणे सक्तीचे केले. हे द्रावण महाग पडल्याने पुढे विरंजक चूर्णाचे, म्हणजे क्लोरिनयुक्त चुन्याचे, पाणी वापरले जाऊ लागले. प्रेताचा वास नष्ट होतो म्हणजे तो वास देणारे द्रव्यही नष्ट होत असावे, असा त्यामागील तर्क होता. मे महिन्यातील १२.२ टक्के मृत्यू जूनमध्ये सुमारे २.२ टक्के आणि जुलैमध्ये १.२ टक्क्यांवर आले.

ऑक्टोबर १८४७ मध्ये एक नवी घटना घडली. गर्भाशयाच्या स्रावी कर्करोगाने पीडित स्त्री प्रसूतिकक्षात पहिल्या खाटेवर होती. तिला तपासल्यानंतर वैद्यांनी केवळ साबणाने हात धुऊन पुढील स्त्रियांची तपासणी केली. एकाच वेळी प्रसूत होणाऱ्या बारा स्त्रियांपैकी अकरा दगावल्या. संसर्गाचे द्रव्य केवळ प्रेतापासून नव्हे, तर जिवंत शरीरातील सडक्या जखमेपासूनही येऊ शकते, हे यावरून स्पष्ट झाले. तेव्हापासून दोन रुग्णांच्या तपासण्यांदरम्यानही क्लोरिनने हात धुण्याचा नियम लागू झाला. पुढे उपकरणेही धुतली जाऊ लागली. १८४८ मध्ये पहिल्या विभागात ३,५५६ प्रसूतींमागे ४५ मृत्यू झाले, प्रमाण १.२७ टक्के. त्याच वर्षी दुसऱ्या विभागाचे प्रमाण १.३३ टक्के होते. मार्च व ऑगस्ट १८४८ या दोन महिन्यांत पहिल्या विभागात प्रसूतिज्वराने एकही माता दगावली नाही.

प्रसूतीपूर्व संसर्गाविषयीची निरीक्षणे

सेमेलवाइस यांच्या निरीक्षणांत बाळंतपणाआधीच सुरू होणाऱ्या संसर्गालाही स्थान होते. ज्या स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचे उघडणे दीर्घकाळ, चोवीस तास किंवा त्याहूनही अधिक, रेंगाळे, त्या प्रसूतीदरम्यान किंवा प्रसूतीनंतर लगेच आजारी पडत व बहुधा दगावत. पहिलटकरणींमध्ये हे अधिक आढळे. याचे कारण त्यांनी असे दिले की, अशा स्त्रियांची तपासणी अनेक विद्यार्थ्यांकडून वारंवार होते आणि गर्भाशयाची आतली बाजू या अवस्थेत बाहेरील द्रव्यांना उघडी पडते. गरोदरपणात गर्भाशयमुख बंद असल्याने तेव्हा संसर्ग क्वचितच होतो, असे त्यांचे मत होते. अकाली प्रसूत होणाऱ्या स्त्रियांना रोग कमी होत असे, कारण त्यांची प्रसूती लवकर उरकून तपासण्या थोड्या होत. अशा आजारी मातांची बालकेही त्याच बदलांनी मरत. आईचे रक्त दूषित झाल्यावर वारेच्या मार्गाने गर्भाला बाधा होते, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले.

आधुनिक वैद्यकात गर्भजल व गर्भावरणे यांचा जीवाणूजन्य संसर्ग हा स्वतंत्र विकार मानला जातो. योनिमार्गातील जीवाणू वर चढून गर्भजलात शिरणे हा त्याचा नेहमीचा मार्ग होय. पाणमोट फुटल्यानंतर प्रसूतीला बराच वेळ लागणे आणि योनिमार्गे वारंवार तपासणी होणे ही त्याची ज्ञात जोखीमकारणे आहेत. मातेला ताप येणे, माता व गर्भ यांच्या हृदयाचे ठोके वाढणे, गर्भाशय दुखरा होणे आणि गर्भजलाला दुर्गंधी येणे ही त्याची लक्षणे होत. त्यावर प्रतिजैविके व विलंब न करता प्रसूती हे उपचार केले जातात. उपचार न झाल्यास नवजात बालकाला रक्तातील जंतुदोष, फुप्फुसदाह किंवा मेंदूच्या आवरणाचा दाह होऊ शकतो. सेमेलवाइस यांना जीवाणूंची कल्पना नव्हती. परंतु रेंगाळलेली प्रसूती, पुनःपुन्हा होणारी तपासणी आणि माता-बालक दोघांचा आजार यांतील संबंध त्यांनी अचूक टिपला होता.

विरोध आणि व्हिएन्नाचा त्याग

सेमेलवाइस यांनी सुरुवातीला स्वतः काहीही प्रसिद्ध केले नाही. हेब्रा यांनी १८४७ च्या डिसेंबरात आणि १८४८ च्या एप्रिलमध्ये एका वैद्यकीय नियतकालिकातून या शोधाची माहिती दिली. श्कोडा यांनी १८४९ मध्ये विज्ञान अकादमीपुढे व्याख्यान दिले. सेमेलवाइस यांनी मे १८५० मध्ये व्हिएन्नाच्या वैद्यक-संस्थेत आपले विवेचन मांडले. दुसऱ्यांनी दिलेल्या त्रोटक माहितीमुळे हा सिद्धान्त केवळ प्रेतांच्या कणांपुरता मर्यादित आहे, असा गैरसमज युरोपभर पसरला. कोपनहेगन येथील लेव्ही यांनी त्यावर टीका केली. एडिंबरोचे जेम्स सिम्पसन यांना त्यात ब्रिटिश वैद्यांच्या सांसर्गिक मतापेक्षा वेगळे काही दिसले नाही. अ‍ॅबर्डीनचे अलेक्झांडर गॉर्डन यांनी १७९५ मध्ये आणि बॉस्टनचे ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८४३ मध्ये प्रसूतिज्वर वैद्य व सुईणींमार्फत पसरतो, असे लिहिले होते. मात्र सेमेलवाइस त्याला देवीसारखा सांसर्गिक रोग न मानता सडणाऱ्या सेंद्रिय द्रव्यामुळे होणारा विकार मानीत.

कील येथील प्रसूतिशास्त्रज्ञ गुस्ताव मिखाएलिस यांनी हे मत तत्काळ स्वीकारले. त्यांनी तपासलेली त्यांची एक नातलग स्त्री प्रसूतिज्वराने दगावली होती. आपणच तिच्या मृत्यूला कारण झालो, या जाणिवेने ते खचले व ऑगस्ट १८४८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

प्राध्यापक क्लाइन यांनी सेमेलवाइस यांच्या निष्कर्षाला अनुकूलता दाखवली नाही. मार्च १८४९ मध्ये मुदत संपल्यावर त्यांच्या जागी कार्ल ब्राउन यांची नेमणूक झाली. अध्यापनाच्या परवानगीसाठी सेमेलवाइस यांना दीर्घकाळ थांबावे लागले. १८५० च्या ऑक्टोबरमध्ये ती मिळाली. पण केवळ प्रतिकृतीवर शिकवण्याची अट घालण्यात आली. त्यानंतर काही दिवसांतच, जवळच्या मित्रांचाही निरोप न घेता, त्यांनी व्हिएन्ना सोडले. श्कोडा यांसारखे पाठीराखे यामुळे दुखावले गेले.

पेस्ट येथील कार्य

मे १८५१ मध्ये सेमेलवाइस यांनी पेस्टच्या सेंट रोकुस रुग्णालयातील प्रसूति-विभागाचे मानद प्रमुखपद स्वीकारले. तेथे १८५१ ते १८५५ या काळात ९३३ प्रसूतींमागे प्रसूतिज्वराने केवळ आठ मृत्यू झाले. १८५५ मध्ये ते पेस्ट विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. विद्यापीठाच्या अपुऱ्या जागेतील प्रसूतिगृहातही त्यांनी हात धुण्याचा नियम लावला. न धुतलेल्या चादरी रुग्णांसाठी वापरल्या गेल्याने तेथे मृत्यू वाढले, तेव्हा स्वच्छ कपड्यांसाठी त्यांनी प्रशासनाशी झगडा केला. १८५७ मध्ये झुरिच विद्यापीठाचे निमंत्रण त्यांनी नाकारले. त्याच वर्षी मारिया वायडेनहोफर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना पाच अपत्ये झाली. त्यांपैकी पहिली दोन अल्पवयातच दगावली.

१८५८ मध्ये मित्र लाजोश मार्कुशोव्स्की यांच्या आग्रहावरून त्यांनी हंगेरियन वैद्यकीय साप्ताहिकात लेख लिहिले. १८६१ हे प्रकाशनवर्ष असलेला त्यांचा प्रसूतिज्वराची कारणे, संकल्पना आणि प्रतिबंध या विषयावरील जर्मन ग्रंथ हे त्यांचे प्रमुख लेखन होय. आकडेवारी विपुल असलेल्या या ग्रंथात पुनरुक्ती व वादविवादही बराच आहे. त्याला प्रतिकूल प्रतिसाद मिळाला. बर्लिनचे रुडॉल्फ फिरकॉ यांच्यासारख्या प्रतिष्ठित शास्त्रज्ञानेही त्याला पाठिंबा दिला नाही. सेमेलवाइस यांनी १८६१ व १८६२ मध्ये स्पेट, स्कान्झोनी, सीबोल्ड यांना आणि पुढे सर्व प्रसूतिवैद्यांना उद्देशून खुली पत्रे लिहिली. आपला उपाय न वापरणाऱ्यांवर त्यांनी त्यांत थेट खुनाचा आरोप केला. त्यामुळे विरोध अधिकच तीव्र झाला.

अखेरचे दिवस

१८६० नंतर सेमेलवाइस यांच्या वर्तनात पालट होऊ लागला. विस्मरण, चिडचिड आणि उदासीनता वाढत गेली. मेंदूचा उपदंश किंवा अकाली स्मृतिभ्रंश अशी विविध कारणे अभ्यासकांनी सुचवली आहेत. जुलै १८६५ च्या अखेरीस त्यांना व्हिएन्नाला नेण्यात आले. नवे उपचारगृह दाखवण्याच्या निमित्ताने हेब्रा यांनी त्यांना मनोरुग्णालयात पोहोचवले. बाहेर पडण्याचा प्रयत्न केल्यावर त्यांना बळाने आवरण्यात आले. सुमारे दोन आठवड्यांनी, १३ ऑगस्ट १८६५ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात उजव्या हाताची सडलेली जखम आणि शरीरभर पसरलेला जंतुदोष आढळला. जुन्या चरित्रांत या जखमेचे मूळ शस्त्रक्रियेतील इजेत सांगितले आहे. पुढील अभ्यासकांनी मनोरुग्णालयातील मारहाण हे कारण मानले आहे. कोणत्याही परिस्थितीत, ज्या प्रकारच्या विकारापासून त्यांनी मातांना वाचवले, त्याच प्रकारच्या विकाराने त्यांचा अंत झाला. अंत्यविधीला मोजकेच लोक उपस्थित होते. पेस्ट येथे त्यांच्या जागी आलेल्या प्राध्यापकांच्या काळात प्रसूतिगृहातील मृत्यूंचे प्रमाण पुन्हा वाढले.

प्रभाव आणि स्मृती

सेमेलवाइस यांच्या मृत्यूच्या आदल्याच दिवशी ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक अम्ल वापरून एका मुलाच्या पायाच्या जखमेवर उपचार सुरू केले होते. लुई पाश्चर यांनी १८७९ मध्ये पॅरिस येथे प्रसूतिज्वराच्या रुग्णांत साखळीच्या आकाराचे सूक्ष्मजीव, म्हणजे आज मालागोलाणू या नावाने ओळखले जाणारे जीवाणू, दाखवून दिले. त्यामुळे सेमेलवाइस यांच्या निरीक्षणांना सैद्धान्तिक आधार मिळाला. १९३६ मध्ये लंडन येथे लेनर्ड कोलब्रुक यांनी सल्फा गटातील औषधाचा प्रसूतिज्वरावरील परिणाम सिद्ध केला. त्यानंतर प्रतिजैविकांच्या वापराने या रोगाचे मृत्यू झपाट्याने घटले.

सेमेलवाइस यांचे अवशेष १८९१ मध्ये बुडापेस्टला आणण्यात आले. १९६४ मध्ये ते त्यांच्या जन्मघरात ठेवण्यात आले. हे घर आता वैद्यक इतिहासाचे संग्रहालय आहे. बुडापेस्टच्या वैद्यकीय विद्यापीठाला १९६९ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्या शोधाशी संबंधित दस्तऐवजांचा समावेश २०१३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत झाला. रूढ समजुतीला छेद देणारा पुरावा विचार न करता नाकारण्याच्या वृत्तीला सेमेलवाइस प्रतिक्षेप असे म्हटले जाते.